घड्याळ, संगणकातील

संगणकात बसविलेली कालमापक विद्युत् मंडले आणि त्यांनी मोजलेली वेळ उपयोक्त्याच्या आज्ञावल्यांपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा यांस मिळून संगणकातील घड्याळ असे म्हणतात. या यंत्रणेतील मधला दुवा म्हणजे ड्रायव्हर किंवा चालक आज्ञावली होय. ती परिचालन प्रणालीचा एक भाग असून विशिष्ट मंडलाची भाषा तिला अवगत असते. मंडलातील नोंदकांमध्ये कोणत्या क्रमाने वाचावे व लिहावे, त्यांतील आकड्यांचा अर्थ काय आणि ते केव्हा विश्वसनीय नसतात, हे चालक आज्ञावलीस ठाऊक असावे लागते. ते उपयोक्त्यास ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा तिच्या रचनेचा हेतू असतो. मुद्रक किंवा चकती यांच्या चालक आज्ञावलीपेक्षा घड्याळाची चालक आज्ञावली आकाराने बहुधा लहान असते, परंतु तिच्यातील चूक अधिक काळ लपून राहते. बिघडलेला मुद्रक छापत नाही व ते लगेच लक्षात येते; बिघडलेले घड्याळ मात्र वेळ सांगतच राहते.

ही चूक केवळ तांत्रिक नसते, हे मावळ तालुक्यातील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सोमाटणे (जि. पुणे) गावाच्या फाट्यावरून जुना मुंबई–पुणे महामार्ग जातो व तेथून जवळच उर्से परिसरातून 2002 मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग जातो. या द्रुतगती महामार्गावर 2024 मध्ये स्वयंचलित वाहतूक-नियंत्रण यंत्रणा सुरू झाली. तीत एका जागच्या वेगाबरोबरच दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजण्याची सोय आहे. सरासरी वेग काढण्याची रीत सोपी आहे : पहिल्या कमानीवरील कॅमेरा वाहनाचा क्रमांक व वेळ नोंदवितो, दुसऱ्या कमानीवरील कॅमेराही तसेच करतो आणि अंतराला कालावधीने भागले की वेग मिळतो. अंतर एकदाच मोजावे लागते. कालावधी मात्र दोन निरनिराळ्या संगणकांतील दोन घड्याळांच्या वाचनांतील वजाबाकीने मिळतो.

अशा दोन कमानी 10 किमी. अंतरावर आहेत असे समजू. ताशी 100 किमी. या मर्यादेने जाणाऱ्या वाहनास हे अंतर कापण्यास 360 सेकंद लागतात. सामान्य संगणकातील क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंप्रतेत (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येत) दशलक्षांत 20 भाग इतका फरक असणे नित्याचे आहे व त्यामुळे घड्याळ दिवसाला सुमारे 1.7 सेकंद पुढे किंवा मागे जाते. पहिले घड्याळ या गतीने पुढे व दुसरे मागे जात असेल आणि दहा दिवस कोणी ती जुळविली नाहीत, तर दोहोंमध्ये सुमारे 34.6 सेकंदांचे अंतर पडते. मर्यादा पाळणाऱ्या चालकाचा कालावधी मग 325.4 सेकंद नोंदला जाईल व त्याचा वेग ताशी 110.6 किमी. निघेल. उलट दिशेने येणाऱ्या मार्गावर हीच घड्याळे वापरली, तर ताशी 109 किमी. वेगाने येणारे वाहन 98.7 किमी. वेगाचे म्हणून निर्दोष ठरेल. एकाला नाहक दंड व दुसऱ्यास नाहक सूट, आणि दोन्ही नोंदी दिसण्यास सारख्याच नेटक्या. म्हणून अशा यंत्रणांमध्ये घड्याळे सतत जुळविलेली ठेवावी लागतात व ती जुळलेली आहेत की नाहीत, हे सांगण्याची सोय चालक आज्ञावलीपासूनच असावी लागते. फास्टॅग पद्धतीच्या पथकर नाक्यांवरील नोंदींनाही हेच लागू पडते.

घड्याळांचे प्रकार : संगणकात एकच घड्याळ असते, ही समजूत बरोबर नाही. निदान दोन तरी असतात व त्यांची कामे भिन्न असतात. पहिले घड्याळ छोट्या विद्युत् घटावर चालते व संगणक बंद असतानाही दिनांक व वेळ राखते. 1981 सालच्या आयबीएम वैयक्तिक संगणकात ते नव्हते. दर वेळी यंत्र सुरू करताना दिनांक व वेळ टंकलिखित करावी लागे. 1984 सालच्या एटी प्रतिरूपात मोटोरोला कंपनीचे एमसी 146818 हे संकलित मंडल घटासह बसविण्यात आले आणि त्याची नोंदकरचना पुढे अनेक दशके अनुकरली गेली. याचा स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने करतो. ही संख्या 2 चा पंधरावा घात असल्याने पंधरा वेळा निमपट केली की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. मनगटी घड्याळांतही हाच स्फटिक असतो [⟶ घड्याळ].

हा स्फटिक तपमानाला संवेदनशील असतो. सुमारे 25° से.ला तो बरोबर चालतो. त्यापासून तपमान वर गेले किंवा खाली गेले, तरी तो मंदच होतो, आणि ही मंदगती तपमानांतील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मावळातील हिवाळ्याच्या पहाटे 10° से. तपमानास घड्याळ दिवसाला सुमारे 0.7 सेकंद या गतीने मागे पडेल, तर उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत 60° से. तपमान झाल्यास ही गती दिवसाला 3.6 सेकंदांपर्यंत जाईल. काही मंडलांत तपमान मोजून दुरुस्ती करण्याची सोय असते. ती ज्या चालक आज्ञावलीने उपयोक्त्यास उपलब्ध केलेली नसेल, तिच्यामुळे चांगले मंडलही सामान्य ठरते.

दुसरे घड्याळ म्हणजे वेगाने वाढत जाणारे एक गणित्र होय. त्याला दिनांक ठाऊक नसतो. किती ठोके पडले एवढेच ते सांगते. जुन्या वैयक्तिक संगणकांत सेकंदाला 11,93,182 ठोके मोजणारे गणित्र होते व त्यापासून सेकंदाला सुमारे 18.2 वेळा व्यत्यय-संकेत काढून परिचालन प्रणाली आपली वेळ पुढे सरकवी. 1993 सालच्या पेंटियम प्रक्रियकापासून प्रक्रियकाच्या आतच ठोके मोजणारा नोंदक उपलब्ध झाला. संगणक सुरू होताना परिचालन प्रणाली घटावरील घड्याळ एकदा वाचते व त्यानंतर गणित्राच्या साह्याने स्वतःच वेळ मोजते. बाहेरील प्रमाणवेळेशी ती जुळलेली असेल, तर लिनक्स प्रणाली साधारण दर अकरा मिनिटांनी आपली वेळ घटावरील घड्याळात परत लिहू शकते.

वाचनातील अडचणी : घटावरील घड्याळ वाचणे वरवर क्षुल्लक काम दिसते. तास, मिनिटे व सेकंद हे निरनिराळ्या नोंदकांत असतात आणि ते एकामागून एक वाचावे लागतात. वेळ 9 वाजून 59 मिनिटे 59 सेकंद असताना चालक आज्ञावलीने तासाचा नोंदक वाचला, तेवढ्यात सेकंद उलटला व मग तिने उरलेले दोन वाचले, तर तिला 9 वाजून 0 मिनिटे 0 सेकंद अशी वेळ मिळेल. ही चूक तब्बल एका तासाची आहे. आणि ती क्वचितच घडत असल्याने चाचणीत सापडत नाही. एमसी 146818 मंडलात यावर उपाय म्हणून एक सूचक अंक आहे. नोंदक बदलण्यापूर्वी 244 मायक्रोसेकंद तो उभारला जातो. तो उभा नसेल तरच वाचन सुरू करावे व एवढ्या अवधीत ते संपवावे, असा नियम आहे. वाचन सुरू असताना दुसरा व्यत्यय आला तर ही मुदत टळू शकते. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली वाचनानंतर सूचक पुन्हा तपासते व गरज पडल्यास सर्व वाचन नव्याने करते. काही मंडलांत एकाच आदेशाने सर्व नोंदकांची प्रत गोठविली जाते. तेथे ही कसरत लागत नाही.

आकड्यांचा अर्थ लावणे हेही चालक आज्ञावलीचेच काम. दशमान अंक चार-चार द्विमान अंकांत मांडलेले असू शकतात, तास बाराचे की चोवीसचे हे निराळ्या अंकाने ठरते आणि वर्षाचे पुष्कळदा शेवटचे दोनच अंक साठविलेले असतात. ही सर्व विविधता आत पचवून बाहेर एकच रूप देणे, हा चालक आज्ञावलीचा मुख्य उपकार म्हटला पाहिजे.

मात्र सर्वांत महत्त्वाचा नियम सत्यकथनाचा आहे. विद्युत् घट संपला व आंदोलक थांबला, की मंडलातील वेळ निरर्थक होते. पुष्कळ मंडलांत आंदोलक थांबल्याची नोंद ठेवणारा एक अंक असतो. तो उभा असेल, तर चालक आज्ञावलीने वेळ न देता चूक झाल्याचे कळवावे. लिनक्समधील चांगल्या चालक आज्ञावल्या तसेच करतात. काही तरी आकडा देण्याचा मोह टाळणे आवश्यक असते, कारण वरच्या आज्ञावलीस ‘वेळ माहीत नाही’ हे कळले तर ती दुसरीकडून वेळ मिळवू शकते. खोटी वेळ मिळाली, तर तिला तसे करण्याचे कारणच उरत नाही. घट संपलेली उपकरणे भारतात 1 जानेवारी 1970, पहाटे 5 वाजून 30 मिनिटे अशी वेळ दाखविताना अनेकांनी पाहिली असतील. युनिक्स कुळातील प्रणाली सेकंदांची गणना त्या दिवशीच्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून करतात व तिचे शून्य भारतीय प्रमाणवेळेत साडेपाचला येते.

प्रमाणवेळ आणि चालक आज्ञावली : घटावरील घड्याळात स्थानिक वेळ ठेवावी की जागतिक समन्वित वेळ, यावर दोन परंपरा आहेत. एमएस-डॉस व तिच्यामागून आलेली विंडोज यांनी स्थानिक वेळ ठेवली. युनिक्स कुळाने जागतिक वेळ पसंत केली. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली बसविल्या, तर भारतात घड्याळ अचूक साडेपाच तासांनी चुकते व दर वेळी प्रणाली बदलली की ते पुन्हा चुकते. फरकाचा आकडा पाहूनच जाणकारास कारण कळते. यांतील दुसरी परंपरा अधिक योग्य आहे. स्थानिक वेळ हा शासनाचा निर्णय असतो, यंत्राचा गुणधर्म नव्हे. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून अंमलात आली. तरी मुंबईने तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेली मुंबई-वेळ 1955 पर्यंत टिकविली. असा लोकेच्छेचा इतिहास नोंदकांमध्ये साठविता येत नाही. तो प्रणालीबाहेरील कोष्टकांत ठेवतात व दर्शनी वेळ दाखविताना तेवढा वापरतात. चालक आज्ञावलीस त्याची गंधवार्ताही नसणे इष्ट.

उपयोक्त्यास कोणते घड्याळ द्यावे : येथे रचनाकाराची खरी परीक्षा होते. लोकव्यवहारातील वेळ दाखविणारे घड्याळ मधूनमधून दुरुस्त करावे लागते आणि दुरुस्ती करताना ते मागेही सरकू शकते. म्हणून कालावधी मोजण्यास ते निरुपयोगी असते. एखाद्या यंत्राने सुरुवातीची वेळ नोंदली, मध्यंतरी घड्याळ दोन सेकंद मागे केले गेले व मग अखेरची वेळ नोंदली, तर कालावधी ऋणही निघेल. यासाठी पॉसिक्स मानकात 1993 पासून निरनिराळ्या घड्याळांना निरनिराळी नावे देण्याची पद्धत आली व पुढे तीत एकदिश घड्याळाची भर पडली. एकदिश घड्याळ कधीही मागे जात नाही. त्याच्या आरंभबिंदूस मात्र दिनदर्शिकेत अर्थ नसतो. ‘आता किती वाजले’ व ‘किती वेळ लागला’ हे दोन भिन्न प्रश्न असून त्यांची उत्तरे दोन भिन्न घड्याळांकडून घ्यावीत, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. तरीही अनेक आज्ञावल्यांत ते पाळलेले आढळत नाही.

बारकाईचाही विचार करावा लागतो. रस्त्यावर 5 मी. अंतराने पुरलेल्या दोन संवेदकांवरून ताशी 100 किमी. वेगाचे वाहन 0.18 सेकंदात जाते. प्रणालीची वेळ सेकंदाला शंभरच वेळा पुढे सरकत असेल, तर एका ठोक्याच्या चुकीने वेगात साडेपाच टक्क्यांहून अधिक फरक पडतो. घड्याळ नॅनोसेकंदांत आकडा देते याचा अर्थ ते नॅनोसेकंदापर्यंत अचूक आहे असा नव्हे. आकड्याची सूक्ष्मता, घड्याळाची अचूकता व दोन घड्याळांची जुळणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चालक आज्ञावलीने त्या वेगळ्याच सांगितल्या पाहिजेत.

मग प्रक्रियकातील गणित्र उपयोक्त्यास थेटच का वाचू देऊ नये, असा प्रश्न उद्‌भवतो. हा प्रयोग झालेला आहे. पेंटियमच्या काळात अनेक आज्ञावल्या हा नोंदक थेट वाचू लागल्या. पुढे वीज वाचविण्यासाठी प्रक्रियकांचा वेग चालता-चालता बदलू लागला व त्याबरोबर ठोक्यांची लांबीही बदलली. एकाच संगणकात अनेक प्रक्रियक आले व त्यांची गणित्रे परस्परांशी जुळेनाशी झाली. आज्ञावली एका प्रक्रियकावरून दुसऱ्यावर गेली की काळ मागे गेल्याचा भास होई. वेग कितीही बदलला तरी समान गतीने चालणारी गणित्रे नंतर आली, पण तोवर पुष्कळ आज्ञावल्यांना फटका बसला होता. कच्चा आकडा उघडा करणे म्हणजे त्यातील दोषांचे ओझे प्रत्येक उपयोक्त्याच्या माथी मारणे होय.

लिनक्समध्ये यावर एक सुरेख तोडगा आहे. परिचालन प्रणाली गणित्राचे ठोके सेकंदांत बदलण्याची गुणके एका सामाईक स्मृतिपृष्ठावर ठेवते. उपयोक्त्याची आज्ञावली ते पृष्ठ केवळ वाचू शकते व प्रणालीच्या गाभ्यात न शिरता स्वतः वेळ काढते. गुणके बदलली जात असतानाच ती वाचली गेली तर काय, ही शंका रास्त आहे. यासाठी पृष्ठावर एक क्रमांक असतो. लिहिणारा बदलापूर्वी तो एकने वाढवून विषम करतो व बदल संपल्यावर पुन्हा एकने वाढवून सम करतो. वाचणारा आधी व नंतर हा क्रमांक पाहतो. तो विषम असेल किंवा दोन वेळी वेगळा दिसला, तर वाचन टाकून देऊन पुन्हा वाचतो. वाचणाऱ्यांमुळे लिहिणाऱ्यास कधीच थांबावे लागत नाही.

बाह्य घड्याळे : संगणकाची वेळ बाहेरील प्रमाणाशी जुळविण्याची जालकालमापन पद्धती अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडली. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्वीय घड्याळांच्या साह्याने राखते व संगणकांना जालावरून पुरविते. 28 एप्रिल 2022 रोजी केंद्र शासनाच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने काढलेल्या निदेशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या, अथवा त्यांच्याशी जुळविलेल्या, घड्याळांशी जुळती ठेवणे आवश्यक ठरले. निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदींचा क्रमच लागला नाही, तर गुन्ह्याचा माग काढता येत नाही, हे त्यामागील कारण होय.

अधिक काटेकोर कामासाठी दोन मार्ग आहेत. उपग्रह-ग्राहकाकडून दर सेकंदास एक विद्युत् स्पंद मिळतो; तो आला त्या क्षणाची नोंद व्यत्यय-संकेत मिळताच, इतर सर्व काम बाजूस ठेवून, चालक आज्ञावली करते. या प्रकाराचा मानक संपर्क 2000 साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या मार्गात जाल-पत्रिकेवरच स्वतंत्र घड्याळ असते व संदेश तारेवरून जाताना-येताना तेच त्यावर वेळेचा शिक्का मारते. अशी घड्याळे उपयोक्त्यास उपलब्ध करणारी व्यवस्था लिनक्सच्या जुलै 2011 मधील 3.0 आवृत्तीत आली. तीत प्रत्येक घड्याळ हे उघडता येण्याजोगे उपकरण असते. ते उघडले की प्रणालीच्या नेहमीच्या आदेशांनीच ते वाचता व जुळविता येते. पत्रिकेवरील घड्याळ वाचण्यास मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागतो आणि तेवढ्यात वेळ पुढे गेलेली असते. म्हणून चालक आज्ञावली आधी संगणकाचे, मग पत्रिकेचे व पुन्हा संगणकाचे घड्याळ वाचते आणि दोन टोकांच्या मध्याशी पत्रिकेचे वाचन ताडून पाहते. असे अनेकदा करून ज्या फेरीत दोन टोके सर्वांत जवळ येतात, ती प्रमाण मानतात.

अशा काटेकोरपणाची गरज पुणे जिल्ह्यातच ठळकपणे दिसते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 45 मी. व्यासाच्या 30 आकाशकांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक यंत्रणा (जीएमआरटी) आहे. तेथील संकेतप्रक्रियेसाठी बाजारात मिळणारे संगणक जोडून लिनक्स प्रणालीवर चालणारी यंत्रणा विकसित करण्यात आली व तिचे वर्णन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. स्पंदक ताऱ्यांच्या स्पंदांची आगमनवेळ मायक्रोसेकंदाच्या पातळीवर नोंदवून, वर्षानुवर्षांच्या नोंदींतून गुरुत्वीय तरंगांचा माग काढण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नात ही यंत्रणा सहभागी आहे. जून 2023 मध्ये त्यांतील महत्त्वाचे निष्कर्ष जाहीर झाले. आज घेतलेली नोंद वीस वर्षांनी ताडून पाहिली जाणार असते. म्हणून घड्याळ केव्हा, किती व कोणी सरकविले याची दप्तरी नोंद वेळेच्या नोंदीइतकीच मोलाची ठरते.

अधिकार व सुरक्षितता : वेळ वाचण्याची मुभा सर्वांना व बदलण्याची फक्त व्यवस्थापकास, ही जुनी वहिवाट आहे. वेळ मागे करता आली तर मुदत संपलेली प्रमाणपत्रे पुन्हा वैध दिसू लागतात व हिशेबांच्या नोंदी उलटसुलट होतात. वाचणेही पूर्णपणे निरुपद्रवी नाही, हे मात्र उशिरा लक्षात आले. 2018 मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर व मेल्टडाउन या त्रुटींत स्मृतीतील एखादे स्थान वाचण्यास किती सूक्ष्म वेळ लागला यावरून गुप्त माहिती ताडता येत होती. त्यानंतर जाल-न्याहाळकांनी पृष्ठांना मिळणारी वेळ मुद्दाम भरड केली.

अधिक सेकंद व गणनेची मर्यादा : पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत मधूनमधून एक सेकंद वाढविण्यात येतो. भारतात तो पहाटे साडेपाचच्या ठोक्यापूर्वी येतो. 30 जून 2012 च्या अखेरीस वाढविलेल्या सेकंदाने लिनक्समधील एक दोष उघडकीस आणला. गाभ्यातील सूक्ष्म गजरांच्या हिशेबास हा बदल कळलाच नाही व जगभरातील अनेक संगणकांचे प्रक्रियक निष्कारण पूर्ण भाराने धावत राहिले. पुष्कळ ठिकाणी दिनांक पुन्हा लिहिण्याइतक्या साध्या उपायाने ते ताळ्यावर आले. यापूर्वीचा शेवटचा अधिक सेकंद 2016 च्या अखेरीस वाढविला गेला. 2035 पर्यंत ही प्रथा बहुतांशी थांबवावी, असा ठराव वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2022 मध्ये केला आहे.

1970 पासूनचे सेकंद 32 द्विमान अंकांत मोजणाऱ्या यंत्रांचा साठा 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी संपेल व पुढच्या सेकंदास ती 1901 सालात जातील. 64 अंकी प्रणालींना हा धोका नाही आणि लिनक्सच्या 2020 मधील 5.6 आवृत्तीपासून 32 अंकी यंत्रांसाठीही विस्तारित गणना उपलब्ध आहे. परंतु रस्त्याकडेच्या पेट्यांत, वीजमापकांत व कारखान्यांतील नियंत्रकांत बसविलेल्या आज्ञावल्या क्वचितच बदलल्या जातात. शिवाय वर्षाचे दोनच अंक साठविणाऱ्या घटावरील घड्याळांची शतकमर्यादा निराळीच असते व ती चालक आज्ञावलीने कोणते वर्ष आरंभ मानले आहे यावर अवलंबून राहते. नव्या रचनांत ही मर्यादा उपकरणाच्या वर्णनातच जाहीर करण्याची पद्धत आहे.